कचरा खाणाऱ्या रिअ‍ॅक्टरची राख कुठे ठेवणार? ऊर्जा खात्याला बोईसरहून खुलं पत्र

मा. ऊर्जामंत्री, ऊर्जा खात्याचे सचिव, महाजेनकोचे अधिकारी आणि मुंबईत अणुशक्ती भवनात बसणारे सर्व साहेब लोक यांना,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मी तारापूर अणुवीज केंद्राशेजारच्या बोईसरला राहतो, एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, डिप्लोमा इलेक्ट्रिकल. शास्त्रज्ञ नाही. आंदोलनवालाही नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भागातून अणुऊर्जेबद्दल पत्र आलं की वाचायच्या आधीच त्याच्यावर विरोधकाचा शिक्का बसतो. १९६९ ला तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता, पण आमच्या घरात पहिला नियमित पगार आला तो वडील केंद्राच्या एका ठेकेदाराकडे वेल्डिंगला लागले तेव्हा. म्हणजे मी या विजेचं मीठ खाल्लेला माणूस आहे.

तर झालं असं की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. मागे ढॅणढॅण म्युझिक, आणि एक भारदस्त आवाज सांगतोय की नवीन छोटा रिअ‍ॅक्टर येतोय, तो अणुकचरा खातो आणि वीज देतो, कचरा खलास, वीज जवळजवळ फुकट. खाली तीसेक अंगठे. एकाने विचारलं आपल्याकडे कधी, तर दुसऱ्याने लगेच एप्रिल २०२५ ची बातमी टाकली, राज्याची वीजनिर्मिती कंपनी महाजेनको आणि रशियाची सरकारी अणुकंपनी रोसाटॉम यांचा थोरियम धातूवर चालणाऱ्या छोट्या रिअ‍ॅक्टरसाठी सामंजस्य करार. झालं, सगळ्यांनी धरून चाललं की व्हिडिओतला रिअ‍ॅक्टर तो हाच. आता थोरियम ही एक गोष्ट, कचरा जाळणं ही दुसरी, आणि रिअ‍ॅक्टर लहान असणं ही तिसरी, पण ग्रुपवर तिघांची मिळून खिचडी. ग्रुपवर होते ते एक वेळ चालेल हो, तिथे हळदीने कॅन्सरही बरा होतो. पण उद्या हीच खिचडी सरकारी पत्रकात आली तर काय, या काळजीने लिहायला बसलोय.

आधी सोसायटीतलीच एक गोष्ट सांगतो, कंटाळू नका, विषयाला धरूनच आहे. फ्लॅट बुक केला तेव्हा बिल्डरच्या ब्रोशरवर बायोगॅस प्लांटचा रंगीत फोटो होता, तुमच्या ओल्या कचऱ्यातून कॉमन एरियाची वीज. टाकी आली, छोटा जनरेटर आला, उद्घाटनाला नारळ फुटला. पहिले दोन महिने जिन्यातले दिवे खरंच त्याच्यावर लागले, मी स्वतः वायरिंग बघितलंय. मग ओल्या कचऱ्यात दुधाच्या पिशव्या यायला लागल्या, नारळाच्या शेंड्या, लिंबाची सालं पोतंभर, एकदा तर कोणाचा तरी मोजा निघाला. वेगळं करायला जी बाई ठेवली होती तिचा पगार जिन्यातल्या विजेच्या बिलापेक्षा जास्त व्हायला लागला. आणि टाकीतून जी स्लरी निघायची ती कुठे टाकायची हे ब्रोशरमध्ये नव्हतंच, ती आम्ही रात्री कंपाउंडच्या मागे ओतायचो, खोटं कशाला बोलू. आज त्या जनरेटरवर कबुतरं बसतात आणि मी सेक्रेटरी असल्यामुळे त्या खोलीची चावी माझ्याकडे आहे.

यंत्रात काही खोट नव्हती. गॅस होत होता, वीज होत होती. अडलं ते दोन ठिकाणी, आत टाकण्याआधीचं निवडणं आणि बाहेर पडल्यानंतरची स्लरी. अणुकचऱ्याच्या बाबतीत गेले काही महिने जमेल तसं वाचतोय आणि मला जेवढं कळलं त्यात घोडं नेमकं याच दोन ठिकाणी अडतंय. रिअ‍ॅक्टर या दोन्हींच्या मधोमध. पण फोटो फक्त त्याचाच छापून येतो.

कचरा म्हणजे नक्की काय हे आधी बघू. रिअ‍ॅक्टरमधून वापरून काढलेल्या इंधनात पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त युरेनियम तसंच पडून असतं, साधारण एक टक्का, आणि आपल्या जड पाण्याच्या रिअ‍ॅक्टरमध्ये त्याहूनही कमी, प्लुटोनियम तयार झालेलं असतं, आणि उरलेली ती खरी राख, म्हणजे फुटलेल्या अणूंचे तुकडे, सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे. त्यामुळे याला कचरा म्हणणं चूक आहे, हे अर्धवट जळालेलं लाकूड आहे असं जे शास्त्रज्ञ म्हणतात ते बरोबरच म्हणतात. होमी भाभांनी पन्नासच्या दशकात तीन टप्प्यांचा जो कार्यक्रम आखला तो याच हिशोबावर. पहिल्या टप्प्यात साधं युरेनियम, त्यातून निघालेलं प्लुटोनियम दुसऱ्या टप्प्यात फास्ट ब्रीडरमध्ये (जाळतो त्याहून जास्त इंधन तयार करतो तो), आणि शेवटी थोरियम. ट्रॉम्बेला १९६४ मध्येच पुनर्प्रक्रियेचा, म्हणजे वापरलेल्या इंधनातून कामाचं वेगळं काढायचा, प्लांट चालू झाला होता, आशियातल्या बहुतेक देशांनी ते नावही ऐकलं नसेल तेव्हा. म्हणजे कचऱ्यातून वीज ही आयडिया कॅलिफोर्नियातल्या कुठल्या स्टार्टपची नाही, आपल्या आजोबांच्या वेळची आहे, हे त्या व्हिडिओवाल्याला कोणीतरी सांगा.

पण मग निवडणं आलं. वापरलेल्या इंधनाचे तुकडे करायचे, नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये विरघळवायचे, मग सॉल्व्हंटने युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढायचं. सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन म्हटलं की आमच्या एमआयडीसीतला कुठलाही केमिकलवाला मान डोलावेल, रोजचं काम आहे त्याचं. फक्त इथे ते सगळं मीटर-दीड मीटर जाड काँक्रिटच्या भिंतीमागे, जाड शिशाच्या काचेतून बघत, यांत्रिक हातांनी करायचं, आणि आत एक व्हॉल्व्ह गळायला लागला तर माझ्यासारखा मेंटेनन्सवाला पाना घेऊन आत जाऊ शकत नाही. इथे बारा रुपयांच्या गॅस्केटसाठी आमचा अख्खा प्लांट दोन दिवस बंद पडलेला मी पाहिलाय, तिथे काय होत असेल. वर त्या प्लांटमधून वापरलेलं सॉल्व्हंट, धुण्याचं पाणी, हातमोजे, कापलेल्या नळ्या असा वेगळाच कचरा निघतो तो निघतोच. आणि वेगळं काढलेलं प्लुटोनियम म्हणजे बॉम्बचा माल, म्हणून भोवती बंदूकवाले आणि आंतरराष्ट्रीय कटकटी. हे सगळं बाजूला ठेवून कोणी म्हणत असेल की आमचा रिअ‍ॅक्टर कचरा खातो, तर साहेब, तो रांधलेलं खातो, आणि स्वयंपाकघर कुठे आहे ते आधी विचारायला पाहिजे.

आता राख. ही गोष्ट मला कळली तेव्हा मी दोन दिवस त्याच विचारात होतो, कारण इतकी सोपी आहे आणि कुठल्याच व्हिडिओत नाही. युरेनियम असो, प्लुटोनियम असो, थोरियमपासून बनवलेलं युरेनियम २३३ असो, एक ग्रॅम फुटलं की साधारण एक मेगावॅट-दिवस, म्हणजे एक मेगावॅट दिवसभर चालेल एवढी, उष्णता मिळते आणि जवळपास एक ग्रॅम राख मागे राहते. कुठल्याही कंपनीचा असू दे, कितीही आधुनिक असू दे. विजेच्या साधारण तिप्पट उष्णता लागते, म्हणजे २०० मेगावॅट विजेचा रिअ‍ॅक्टर वर्षभर पूर्ण क्षमतेने चालला तर दोनशे-सव्वादोनशे किलो राख होणारच, तो साधा असो की कचरा खाणारा. चूल बदलली म्हणून राख चुकत नाही. त्यातलं सीझियम आणि स्ट्रॉन्शियम तीसेक वर्षांनी निम्मं होतं, पुढच्या तीसेक वर्षांनी त्याचं निम्मं, असं करत करत तीनशे वर्षांनी बऱ्यापैकी निवतं.

तीनशे वर्षं म्हणजे किती ते आमच्या पालघर जिल्ह्याच्या भाषेत सांगतो. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला घेतला. तेव्हा कोणी ही राख किल्ल्याच्या तळघरात ठेवली असती तर ती आत्ता कुठे हात लावण्याच्या जवळपास आली असती. मध्ये पेशवाई गेली, कंपनी सरकार आलं, राणीचं सरकार आलं, तेही गेलं, मुंबई राज्य झालं, महाराष्ट्र झाला, ठाण्यातून पालघर वेगळा झाला. आणि आमच्याकडे तलाठी कार्यालय एका बिल्डिंगमधून दुसऱ्या बिल्डिंगमध्ये गेलं तर सातबाऱ्याची फाईल सापडत नाही.

तरीही न्यायाने बोलायचं तर यात फायदा आहेच, आणि मोठा आहे. प्लुटोनियम राखेत तसंच राहिलं तर त्याला निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात. ते आणि त्याचे जड भाऊबंद वेगळे काढून फास्ट रिअ‍ॅक्टरमध्ये जाळले तर राखेचं मोठं ओझं लाख वर्षांवरून काहीशे वर्षांवर येतं. टेक्नेशियम, आयोडीन असे थोडे चिवट तुकडे उरतात पण मुख्य ओझं उतरतं. आणि आकारमान बघाल तर महाजेनकोच्या साहेबांना राखेचा हिशोब मी काय सांगू, चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं केंद्र तुम्ही चालवता, आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते, रोजची हजारो टन निघते. त्याच्यापुढे वर्षाला दोनशे किलो म्हणजे एका टेंपोत मावणारा माल, अर्थात त्याच्याभोवतीचं शिसं आणि काँक्रिट धरलं तर टेंपो पुरणार नाही. म्हणून मी अणुवीज नको म्हणणारा नाही. मी फक्त शून्य कचरा म्हणणाऱ्यांच्या विरोधात आहे.

शून्य कचरा म्हणणाऱ्यांचं काय होतं त्याचा एक किस्सा तुमच्या फाईलला लावून ठेवा. अमेरिकेत एमआयटीतल्या दोन हुशार पोरांनी २०११ मध्ये ट्रान्सअ‍ॅटॉमिक पॉवर नावाची कंपनी काढली. वितळलेल्या मिठाचा रिअ‍ॅक्टर, वापरलेल्या इंधनावर चालणार, आणि दावा काय तर तेवढ्याच युरेनियममधून नेहमीच्या रिअ‍ॅक्टरच्या पंच्याहत्तर पट वीज. पेपरात फोटो, मोठमोठे गुंतवणूकदार. मग त्याच एमआयटीतल्या एका प्राध्यापकाने गणित तपासलं आणि त्यात मूळातच चूक निघाली. २०१६ मध्ये कंपनीने स्वतःच आकडा खाली आणला, पंच्याहत्तर पटीवरून दुपटीच्या जरा वर, आणि हेही मान्य केलं की साठलेला कचरा या डिझाईनने कमी होणार नाही. २०१८ ला दुकान बंद. मला त्या पोरांचं कौतुकच वाटतं, चूक कबूल केली आणि आपलं काम सगळ्यांना बघायला खुलं करून गेली. आपल्याकडे चूक निघाली असती तर तपासणाऱ्या प्राध्यापकाची बदली झाली असती असं आमच्या चहाच्या टपरीवरचं मत पडलं, माझं नाही.

लहान असण्याबद्दलही थोडं. लहान रिअ‍ॅक्टर कारखान्यात बनतो, ट्रकवर येतो, स्वस्त पडतो असं सांगतात. अमेरिकेत आयडाहोमधला न्यूस्केल कंपनीचा पहिला प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द झाला, कारण विजेचा ठरलेला दर मेगावॅट-तासाला, म्हणजे हजार युनिटला, ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला आणि छोट्या छोट्या नगरपालिका बाहेर पडायला लागल्या. कचऱ्याचं म्हणाल तर २०२२ मध्ये अमेरिकेच्या अणुनियमन आयोगाच्या माजी अध्यक्ष अ‍ॅलिसन मॅकफार्लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशोब मांडला की लहान रिअ‍ॅक्टरमधून तेवढ्याच विजेमागे दुपटीपासून तीसपटीपर्यंत जास्त आकारमानाचा कचरा निघू शकतो, कारण भांडं लहान असलं की न्यूट्रॉन बाहेर जास्त निसटतात आणि भांड्यालाच किरणोत्सारी करून ठेवतात. कंपन्यांना तो हिशोब मान्य नाही, त्यांनी आक्षेप घेतलेत. असू दे. पण लहान म्हणजे कमी कचरा हे आपोआप ठरत नाही एवढं तरी पत्रकात लिहिणाऱ्याला माहीत असावं. स्वयंपाकघरात बघा, दहा माणसांचा भात एका पातेल्यात केला तर एकच पातेलं घासायचं, दहा वाट्यांत केला तर दहा.

थोरियमचं काय ते आता. व्हिडिओत सांगतात की आपल्या केरळच्या वाळूत इतकं थोरियम आहे की जगाला पुरेल. आहे खरं, पण थोरियम हे ओलं लाकूड, ते स्वतः पेटत नाही. आधी दुसऱ्या कशाच्या तरी आगीत ठेवून त्याचं युरेनियम २३३ करावं लागतं, आणि ते करताना सोबत युरेनियम २३२ तयार होतं ज्याच्या पिल्लावळीतून इतका जोरदार गॅमा किरणोत्सर्ग होतो की इंधन बनवायचं कामही भिंतीमागूनच. तामिळनाडूत कल्पाक्कमला कामिनी नावाचा युरेनियम २३३ वर चालणारा रिअ‍ॅक्टर १९९६ पासून आहे, आपला अभिमान आहे तो, पण त्याची ताकद ३० किलोवॅट, तीही उष्णतेची. आमच्या सोसायटीचा जनरेटर त्याहून मोठा आहे. चीनने गोबीच्या वाळवंटात वितळलेल्या मिठाचा थोरियमवाला प्रयोग चालू केलाय, तोही २ मेगावॅट उष्णतेचा आणि विजेशिवाय. म्हणजे थोरियमवर चालून ग्रीडला वीज देणारा छोटा रिअ‍ॅक्टर आज जगात कुठेही उभा नाही जो जाऊन बघून येता येईल. करार करू नका असं नाही म्हणत, करा, कोणीतरी पहिलं व्हायलाच लागतं. फक्त पहिलं होणाऱ्याने घर बांधतोय असं सांगू नये, प्रयोग करतोय असं सांगावं.

रोसाटॉम म्हणजे हवेतली कंपनी नव्हे हेही मला माहितीये. उरल भागात बेलोयार्स्कला त्यांचा बीएन-८०० नावाचा फास्ट रिअ‍ॅक्टर २०२२ पासून पूर्णपणे मिश्र इंधनावर, म्हणजे पुनर्प्रक्रियेतून आलेलं प्लुटोनियम मिसळून चालतोय, आणि सेव्हर्स्कला वितळलेल्या शिशाने थंड ठेवला जाणारा ब्रेस्ट-३०० बांधताहेत, त्याच आवारात इंधन बनवायचा आणि पुनर्प्रक्रियेचा प्लांट धरून. हे लक्षात घ्या, त्याच आवारात. कचरा खरंच खायला घालायचा तर काय काय लागतं हे त्यांना पक्कं माहितीये, म्हणूनच ते रिअ‍ॅक्टर एकटा बांधत नाहीत. मग आपल्याला एकटा विकायला निघाले तर त्यांना विचारा ना, बाकीचं कुठंय.

आणि आपल्या घरचा अनुभव? कल्पाक्कमचा ५०० मेगावॅटचा प्रोटोटाईप फास्ट ब्रीडर २००४ ला बांधायला घेतला, २०१० ला होणार होता, मूळ खर्च ३,४९२ कोटी. गाभ्यात पहिलं सामान भरायला सुरुवात झाली ती मार्च २०२४ मध्ये, पंतप्रधान स्वतः हजर होते, आणि खर्च तोवर दुपटीच्या वर गेला होता. मी याला हसत नाहीये. असल्या रिअ‍ॅक्टरला थंड ठेवायला वितळलेलं सोडियम वापरतात, ते पाण्याला लागलं की भडकतं, जपानचा मोंजू १९९५ च्या सोडियम गळतीनंतर परत धड उभाच राहिला नाही, फ्रान्सने सुपरफिनिक्स गुंडाळला. आपले लोक टिकून राहिले हीच मोठी गोष्ट. पण वीस वर्षं लागणारी गोष्ट पुढच्या निवडणुकीच्या आत होईल असं भासवू नका एवढंच. केंद्राने २०२५ च्या बजेटमध्ये २०,००० कोटी ठेवलेत आणि २०३३ पर्यंत निदान पाच देशी छोटे रिअ‍ॅक्टर म्हटलंय, त्यातले २०० मेगावॅटचा आणि ५५ मेगावॅटचा असे दोन पहिले नमुने तारापूरच्याच आवारात आणायचा बेत आहे. म्हणजे हा विषय माझ्यासाठी बातमी नाही, शेजार आहे.

आता शेजाऱ्याचंच बोलतो. तारापूरच्या पहिल्या दोन युनिटचं इंधन अमेरिकेतून यायचं. १९७४ च्या पोखरण अणुचाचणीनंतर अमेरिकेने हात आखडता घेतला, पुढे फ्रान्स, चीन, रशिया असं करत इंधन मिळवलं. पण अमेरिकेच्या त्या वापरलेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करायला त्यांची संमती लागत होती आणि ती वर्षानुवर्षं मिळाली नाही, म्हणून ते इथेच पाण्याच्या तळ्यांत आणि कोरड्या पिंपांत ठेवावं लागलं. अणुकरारानंतर २०१० मध्ये अमेरिकेशी पुनर्प्रक्रियेची व्यवस्था ठरली, त्यासाठी आंतरराष्ट्रीय देखरेखीखालचा वेगळा प्लांट बांधायचं ठरलं. तर माझी पहिली सूचना अशी की कचरा खाणाऱ्या रिअ‍ॅक्टरची जाहिरात करायची हौसच असेल तर सुरुवात या इंधनापासून करा. आमच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, लांबून आणायला नको. ते कधी, कुठल्या प्लांटमध्ये जाणार आणि त्याची राख कुठे राहणार याचं साध्या मराठीत एक पानभर उत्तर द्या. ते देता आलं तर पुढच्या रिअ‍ॅक्टरवर माझा निम्मा विश्वास तिथेच बसेल.

आणि खरं सांगू का, तुमच्याकडे सांगण्यासारखं चांगलं आहे ते तुम्ही सांगतच नाही. तारापूरला आणि ट्रॉम्बेला ही राख काचेत वितळवून स्टीलच्या डब्यात बंद करतात, हे आमच्या बोईसरमध्ये दहातल्या नऊ जणांना माहीत नाही. भाभा केंद्राने याच राखेतून सीझियम वेगळं काढून त्याच्या काचेच्या पेन्सिली केल्या आणि त्या रक्तपेढ्यांतल्या यंत्रात वापरल्या जातात, रक्त चढवण्याआधी त्यावर किरण मारायला. रुथेनियम काढून डोळ्याच्या कॅन्सरसाठी इवल्याशा चकत्या केल्या. हे मी माझ्या मुलीला सांगितलं, ती अकरावीला आहे, तर ती म्हणाली बाबा तुम्ही पण फॉरवर्ड वाचायला लागलात का. म्हणजे खरी गोष्ट खोटी वाटते आणि खोटी व्हायरल होते, याला थोडे तुम्हीही जबाबदार आहात, पन्नास वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलात.

नवीन कायद्याबद्दलही एक शंका आहे. डिसेंबर २०२५ च्या ‘शांती’ नावाच्या अणुऊर्जा कायद्याने खाजगी कंपन्यांना रिअ‍ॅक्टर चालवायची वाट मोकळी झाली, पण पुनर्प्रक्रिया आणि वापरलेलं इंधन केंद्राकडेच राहिलं. ठीक आहे, मला उलट बरंच वाटलं. पण याचा अर्थ वीज विकणारा एक आणि राख सांभाळणारा दुसरा. सोसायटीत अगदी हेच झालं होतं, बिल्डरने फोटो छापला आणि स्लरी आमच्या गळ्यात. आणि अपघात झाला तर चालवणाऱ्या कंपनीने द्यायच्या भरपाईची मर्यादा रिअ‍ॅक्टरच्या आकाराप्रमाणे पायऱ्यांनी लावलीये, सगळ्यात मोठ्याला ३,००० कोटी आणि सगळ्यात खालच्या पायरीला १०० कोटी. रिअ‍ॅक्टर लहान म्हणून भरपाई लहान. १०० कोटीत आज आमच्या स्टेशनजवळ किती बिल्डिंगा येतात ते एकदा एखाद्या एजंटला विचारून बघा. महाजेनको म्हणजे राज्याची कंपनी, म्हणजे शेवटी आम्हीच. तेव्हा राखेचा तीनशे वर्षांचा खर्च विजेच्या दरात धरलाय की नाही, आणि धरला असेल तर युनिटमागे किती पैसे, हे करारावर सही करण्याआधी विधानसभेत सांगा.

बाकी मागणी फार नाही. ज्या रिअ‍ॅक्टरसोबत पुनर्प्रक्रियेची जागा, वर्ष आणि खर्च एकाच करारात लिहिलेला नाही त्याला कुठल्याही सरकारी पत्रकात, होर्डिंगवर, भाषणात कचरा खाणारा म्हणू नका. रोसाटॉमबरोबरचा कागद आणि पुढे जे करार होतील ते जसेच्या तसे, मराठी भाषांतरासकट, वेबसाईटवर टाका, आणि ते भाषांतर माणसाकडून करून घ्या. मागे एका खात्याच्या मराठी मसुद्यात प्लांट चा अर्थ रोपटं केला होता, बारा पानं आम्ही रोपट्याच्या सुरक्षेबद्दल वाचत होतो.

आणि जनसुनावणी. कुठेही जागा ठरवा, तारापूरला, एखाद्या जुन्या औष्णिक केंद्राच्या आवारात, कुठेही, पण सुनावणी आधी आणि भूमिपूजन नंतर. इथे आधीच्या अनुभवाची माणसं जिवंत आहेत. युनिट तीन आणि चारसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली, त्यातला एक माझा शाळेतला मित्र, त्याचं घर आता नव्या वसाहतीत आहे. वीज हवीच रे म्हणतो तो, एसी त्याच्याकडे पण आहे. पण जुन्या घरातून भरतीचा आवाज यायचा आणि आजोबा आवाजावरून सांगायचे की आज बोट काढायची का नाही, इथे मोबाईलवर बघावं लागतं, एवढं बोलून तो गप्प बसतो. त्याला तीन टप्प्यांचा कार्यक्रम तुमच्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा नीट माहितीये, कोर्टाच्या फेऱ्या मारताना वाचलाय त्याने. त्याला पहिल्या रांगेत खुर्ची द्या.

तारीख ठरवताना एक करा, जून-जुलैमध्ये ठेवा. मासेमारी बंदी असते, डांडी, उच्छेळी, नवापूरचे सगळे घरी असतात. मागच्या एका सुनावणीला बोटी समुद्रात होत्या आणि हॉलमध्ये ठेकेदारांचीच माणसं बसली होती. पाऊस असेल, हॉल गळका देऊ नका. मी रजा टाकून येईन, येताना त्या बायोगॅसच्या खोलीची चावी घेऊन येतो, तुमच्यापैकी कोणाला बघायची असेल तर हॉलपासून रिक्षाने पंधरा मिनिटं.

कळावे,
आपला,
बोईसरचा एक वीजग्राहक

ता. क. : मुलीने हे पत्र वाचलं. म्हणाली, राखेचं गणित आमच्या फिजिक्सच्या सरांना दाखवू का. म्हटलं दाखव, चुकलं असेल तर दुरुस्त करून परत टाकतो.